माचणूर ते कुडल संगम : भीमेच्या काठाने एक दिवस

भीमा म्हटली की बाहेरच्या माणसाला पंढरपूरची चंद्रभागा आठवते. दर्शन घेतलं की बहुतेक जण तिथूनच माघारी फिरतात. पण पंढरपूरच्या खाली नदी मंगळवेढा तालुक्यातून दक्षिण सोलापूरकडे उतरते आणि या पट्ट्यात माचणूर आणि हत्तरसंग कुडल ही दोन ठिकाणं आहेत. सोलापुरातून सकाळी लवकर निघालं तर एका दिवसात दोन्ही निवांत होतात. डिसेंबरात घरच्या मंडळींना घेऊन आम्ही हीच फेरी केली.

आधी पाण्याचं सांगतो, कारण सगळी मजा त्यावर आहे. ही नदी आता वरच्या उजनी धरणाच्या हिशोबाने वाहते. सोलापूर शहराच्या पिण्यासाठी पाणी सोडलेलं असलं की औज बंधाऱ्यापर्यंत पात्र भरलेलं दिसतं. आवर्तन, म्हणजे पाणी सोडण्याची पाळी, संपून बरेच दिवस झाले असले की ठिकठिकाणी वाळू आणि डबकी. उजनी भरल्यावर साठा ११७ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास असतो, पण त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा. उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये गेली’, म्हणजे मृतसाठ्याला हात लागला, असं कानावर आलं की संगमाचं पाणी बघायला जाऊ नका, ऊनही ४० अंशांच्या वर असतं. पावसाळ्यात धोका उलटा. उजनीचा विसर्ग तर असतोच, शिवाय वीर धरणातून सोडलेलं पाणी नीरेतून नरसिंगपूरला भीमेत मिसळतं. त्या दिवसांत घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर उतरायचंच नाही. विसर्गाचे आकडे पेपरात रोज छापून येतात, ते बघून निघा. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ सगळ्यात चांगला.

मंगळवेढा रस्त्याने कामती ओलांडली की बेगमपूर आणि पुलापलीकडे माचणूर. बेगमपुरात औरंगजेबाच्या मुलीची कबर दाखवतात. १६९५ ते १६९९ अशी चार वर्षं बादशहाची छावणी इथेच, शेजारच्या ब्रह्मपुरीत होती. माचणूरचा किल्ला त्याच काळातला. मराठ्यांच्या मागे धावून थकलेल्या मोगली फौजेचं ठाणं आपल्या एवढ्या जवळ होतं, हे सोलापूरच्या पोरांना शाळेत आवर्जून सांगायला हवं.

किल्ल्याला लागूनच सिद्धेश्वराचं मंदिर. दगडी पायऱ्या उतरत खाली जायचं, घाट थेट पाण्यात. पात्रात जटाशंकराचं छोटं देऊळ आहे. सकाळी आठच्या सुमारास घाटावर आमच्याशिवाय चारदोन माणसंच होती. कवड्या खंड्या पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत थांबायचा आणि दगडासारखा खाली पडायचा. मुलं तासभर तिथून हलली नाहीत. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्रीला इथे मोठी गर्दी असते. शांतपणे बघायचं असेल तर ते दिवस टाळा. गाडी नसेल तर मंगळवेढ्याची एसटी माचणूर फाट्यावर सोडते.

तिथून सोलापूरला परत यायची गरज नाही. कामतीला मागे येऊन मंद्रूपचा रस्ता धरा आणि पुढे विजापूर रस्त्यावरून कुडलकडे वळा. दोन्ही बाजूंना काळी रानं, ज्वारी आणि ऊस. पाऊस झालेला असेल तर गाडी डांबरी सोडून रानात घालू नका, चाकं रुततात.

कुडलला नगरकडून आलेली सीना भीमेला मिळते. जागा मोकळी आहे, नजर लांब जाते, बोलणाऱ्यांच्या मराठीत कानडी मिसळलेली. हरिहरेश्वराचं देऊळ माती उपसल्यावर उजेडात आलं. तिथलं बहुमुखी शिवलिंग बघताना घाई करू नका. साडेतीनशेच्या वर मुखं एकाच दगडावर ओळीने कोरली आहेत. त्याला हात लावू नका, मुलांनाही आधीच सांगून ठेवा.

मला मात्र खरी ओढ होती संगमेश्वर मंदिरातल्या शिलालेखाची. शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८. सभामंडपाच्या तुळईवर कोरलेल्या या लेखाच्या शेवटी ‘वांछितो विजेया होईवा’, म्हणजे जो हे वाचेल तो विजयी होईल, ही ओळ आहे. मराठीच्या अगदी जुन्या कोरीव ओळींपैकी ही एक. आत उजेड कमी असतो, म्हणून बॅटरी हवीच. प्रकाश समोरून मारला तर अक्षरं दगडात विरून जातात. बॅटरी तुळईच्या कडेला आडवी धरली की एकेक वळण उठून दिसतं. आमच्या आठवीतल्या भाचीने ‘वि’ ओळखला तेव्हा सगळेच पुढे सरसावले. हजार वर्षांपूर्वीचं मराठी असं डोळ्यांनी वाचता येणं ही साधी गोष्ट नाही. लेखावर पाणी, खडू, पावडर काही लावून फोटो काढू नका, कृपा करून.

संगमात पोहायला उतरू नका. पात्रात वाळू उपशाचे खड्डे आहेत, वरून पाणी शांत दिसतं आणि एका पावलात खोली बदलते. जेवण बरोबर न्यावं, कारण कुडलला पोटभर खायची खात्री नाही. कडक भाकरी, शेंगा चटणी, दही आणि भरपूर पाणी एवढं पुरतं. जानेवारीत गेलात तर मंगळवेढ्याच्या बाजूला हुरड्याची चौकशी जरूर करा. तिथल्या मालदांडीला भौगोलिक मानांकन आहे आणि कोवळा हुरडा आगटीवरून थेट हातावर मिळतो. पण मग माचणूरला निम्मी सकाळ जाईल, तेव्हा कुडलला चारच्या आत पोचायचं गणित आधी बसवा. अंधार पडल्यावर त्या आतल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या असतात आणि मागे दिवे नसतात.