छत्तीसचा नियम आणि वाढलेली टेप

नागपूरच्या महाल भागात माझं लेडीज टेलरिंगचं छोटंसं दुकान आहे. ब्लाउज, घागरे, ऑल्टरेशन, पिको-फॉल, हेच रोजचं. मागच्या मे महिन्यात एका लोकल चॅनेलच्या मॉडेलिंग स्पर्धेचं शूटिंग होतं वर्धा रोडवरच्या हॉटेलात, मुलींची मापं घ्यायला आणि गाऊन अंगावर बसवून द्यायला कोणीतरी बाई पाहिजे होती म्हणून मला बोलावणं आलं. मला या 'नेक्स्ट टॉप मॉडेल'सारख्या शोंचं वेड आहे, टायरा बँक्सचा अमेरिकेचा, हायडी क्लुमचा जर्मनीचा, आपल्याकडे 2015 ला एमटीव्हीवर सुरू झालेला लिसा हेडनचा, सगळे थोडेफार पाहिलेत, म्हणून पैशाचं फार न ताणता हो म्हटलं.

गेल्या गेल्या हातात नियमांचा कागद दिला. उंची कमीत कमी पाच सात, कंबर 24, सीट म्हणजे हिप 36 इंचाच्या आत. कुठल्यातरी बाहेरच्या शोचा उचललेला दिसत होता, कारण उंची सेंटीमीटरमध्ये पण होती आणि खाली पासपोर्ट आणा असं पण लिहिलं होतं, वर्धा रोडवर यायला पासपोर्ट कशाला लागतो देव जाणे.

काटोलची एक मुलगी होती, लांब मान, चालायला एकदम झकास. फॉर्मवर सीट 36 लिहिलेली आणि माझ्या टेपवर आली पावणेसदतीस. आधी म्हटलं जीन्समुळे असेल, जीन्सच्या शिलाया, खिसे, मागे मोबाइल, एवढ्यानेच इंचभर वाढतं. लेगिंग घालून ये म्हटलं, परत घेतलं, तरी तेच. बिचारीचा चेहरा पडला, "ताई, सकाळपासून काहीच नाही खाल्लं मी, तरी काऊन वाढलं?" मग दुसरीचं वाढलं, तिसरीचं वाढलं, तेव्हा माझ्या डोक्यात आलं की गडबड मुलींत नाही. ऑडिशनला कोणत्या टेपने मापं घेतली ते विचारलं तर एक पोरगा बॅगेतून कापडी टेप घेऊन आला, मळलेली, टोकाची पत्री निघालेली. टेबलावर माझ्या टेपच्या बाजूला लावली तर त्यांचा 36 चा आकडा माझ्या पावणेसदतीसवर. कापडी टेप ओढून ओढून वाढते हो, आणि वाढली की माप कमी दाखवते, आमच्या धंद्यात नवीन पोरीलाही हे पहिल्या महिन्यात कळतं.

आयोजक भाऊंना दाखवलं तर ते म्हणाले, "मग ताई, त्यांच्याच टेपने घ्या न, कायले टेन्शन घेऊन राहिल्या." मी म्हटलं, भाऊ, गाऊन माझ्या टेपने शिवलेत, तुमच्या टेपने घेतलं तर स्टेजवर फाटतील.

मग मी त्यांना हॉलंडची गोष्ट सांगितली. तिकडच्या शोची 2008 ची विजेती आनंदा मार्चिल्डन, तिला 75,000 युरोचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं होतं, पण एजन्सीने 10,000 देऊन बाहेर काढलं, का तर हिप 90 सेंटीमीटर ठरलं होतं ते 92 भरलं. दोन सेंटीमीटर म्हणजे पाऊण इंच, माझ्या दुकानात एवढं तर आत शिलाईला कापड ठेवतात. ती कोर्टात गेली आणि 2012 मध्ये राहिलेले 65,000 युरो कोर्टाने द्यायला लावले. युरो ऐकल्यावर भाऊ जरा गंभीर झाले.

खरं सांगायचं तर ज्यांच्याकडून हे उचललं त्यांनी स्वतःच नियम किती वेळा मोडलेत. अमेरिकेने 2009 ला एक अख्खा सीझन पाच सात आणि त्याखालच्याच मुलींचा केला, म्हणजे आमच्या कागदावर जे कमीत कमी होतं ते तिथे जास्तीत जास्त. 2015 ला तिथे नाइल डिमार्को जिंकला, ऐकू न येणारा, आणि मुलगा. जर्मनीत तर 2022 ला साठी ओलांडलेल्या बायका उतरल्या, मायलेकी एकाच सीझनमध्ये आणि लेक लू-अॅन जिंकली, आईसमोर! ज्या देशात जे लोक आवडीने बघतात तसा शो तिथे वळतो, आणि आमच्याकडे कमरेला 24 लिहिणाऱ्याने बहुतेक आयुष्यात एकही ब्लाउज शिवलेला नसावा.

शेवटी नियम कशाने गेला? माझ्या टेपने 36 च्या वरच्या सगळ्या मुली काढल्या तर रॅम्पवर चारच उरत होत्या आणि चॅनेलला एपिसोड भरायचा होता, स्पॉन्सरची साडी राऊंडची वेळ आधीच विकली होती. दहा मिनिटं फोन झाला आणि सीटचा रकाना पेनाने खोडला. मुलींना सांगितलं की "पॅनेलने निर्णय घेतला." पॅनेल तेव्हा खाली तर्री पोहे खात होतं.

काटोलवाली तिसरी आली. तिच्या गाऊनची शिलाई मी आधीच मोकळी केली होती, पण सँडल उसनवारीची, एक नंबर मोठी, वळताना पाय घसरला आणि जजने नेमकं तेच पकडलं.

आता यंदासाठी भाऊंचा परत फोन आलाय. नवा फॉर्म व्हॉट्सअॅपवर पाठवलाय, त्यात सीटचा रकाना आहेच, फक्त 36 चं 38 झालंय, आणि पासपोर्टची ओळ अजून तशीच. मी म्हटलं येते, टेप माझी आणि अर्धे पैसे आधी.