बोर्ड कडेवर नव्हे, भोकांवर बसवावा

द्राक्षबागांच्या ठिबक सिंचनाचे व्हॉल्व्ह चालू-बंद करणारा एक छोटा कंट्रोलर मी बनवतो. ऑक्टोबर छाटणीच्या आधी दिंडोरी-निफाडकडून मागणी येते आणि दोनशे-अडीचशे सर्किट बोर्ड एकदम तपासावे लागतात. दोन वर्षे हे काम मल्टिमीटरच्या दोन वायरी हातात धरून केल्यावर मी नाशिकच्या सिडकोतल्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत एक टेस्ट फिक्स्चर, म्हणजे बोर्ड धरून तपासायचा साचा, तयार केले. रचना नेहमीचीच होती. खाली स्प्रिंग असलेल्या बावीस पोगो पिना, त्यांच्यावर बोर्ड आणि वरून टॉगल क्लॅम्पचा दाब. प्रत्येक पिन आपापल्या टेस्ट पॅडला (बोर्डावरच्या तपासणीच्या धातूच्या ठिपक्याला) टेकली की सप्लाय सोडायचा, व्होल्टेज मोजायचे आणि चिपमध्ये प्रोग्राम भरायचा.

पहिली अ‍ॅक्रिलिक शीट मी आधीच वाया घालवली होती. पॅड बोर्डाच्या खालच्या बाजूला आहेत म्हणून ड्रॉइंग आरशातल्यासारखे उलटे करून अंबडला लेसर कटिंगला दिले. वास्तविक पिनांची प्लेट आपण वरूनच पाहतो, बोर्डही वरूनच ठेवतो, त्यामुळे काही उलटे करायची गरजच नसते. हे शीट हातात आल्यावर कळले.

दुसरे शीट बरोबर आले. बोर्ड जागेवर बसावा म्हणून मी तीन बाजूंनी अ‍ॅक्रिलिकच्या पट्ट्या लावून त्याच्या आकाराचा खण केला, आणि पहिल्या साठ बोर्डांपैकी अकरा नापास झाले. ते अकराही बोर्ड हाताने तपासल्यावर ठणठणीत निघाले. माझा पहिला संशय पिनांवर, दुसरा सोल्डरिंगनंतर उरणाऱ्या फ्लक्सच्या चिकट थरावर आणि तिसरा, कबूल करायला हवे, बोर्ड बनवणाऱ्यावर गेला. शेवटी घड्याळजीचे भिंग डोळ्याला लावून मी पॅडवरचे ओरखडे पाहिले. पिनेचे टोक टेकले की सोल्डरवर टाचणीने टोचल्यासारखा बारीक खळगा पडतो. चांगल्या बोर्डांवर तो पॅडच्या मध्याजवळ होता, नापास बोर्डांवर मात्र अगदी काठाला, आणि दोन-तीन ठिकाणी तर शेजारच्या हिरव्या मास्कवर, म्हणजे वीज न वाहणाऱ्या लेपावर. शिवाय सगळे खळगे एकाच दिशेला सरकलेले होते.

बोर्ड सुटे येत नाहीत, एका मोठ्या पत्र्यात म्हणजे पॅनेलमध्ये जोडलेले येतात. मग पुढच्या पॅनेलमधले बोर्ड तोडण्याआधी मी प्रत्येकावर मार्करने त्याची जागा लिहिली. आमच्या पॅनेलमध्ये पाच बोर्डांची ओळ असते. तिची बाहेरची कड राउटरने (फिरत्या कटरने) कापलेली असते आणि दोन बोर्डांमध्ये व्ही-आकाराची खाच असते, जिच्यावरून ते हाताने तोडायचे असतात. खाचेच्या मध्ये जो पातळ पडदा उरतो तो तुटताना काचेचे तंतू बाहेर येतात आणि कड कधी दोन-तीन दशांश मिलिमीटर फुगते, कधी नाही. म्हणजे ओळीतला पहिला बोर्ड आणि तिसरा बोर्ड यांची डावी कड एकसारखी नसतेच, आणि मी नेमकी तीच कड आधाराला घेतली होती. पॅडची त्रिज्या अर्धा मिलिमीटर. त्यातला निम्मा हिशेब कडेनेच खाल्ला, तर बाकीच्या चुकांना जागा कुठून राहणार?

बाकीच्या चुकाही होत्याच. पोगो पिन ज्या नळीत बसते तिचा व्यास सुमारे १.३२ मिलिमीटर, आणि लेसरने पाडलेले माझे भोक १.४ च्या आसपास, तेही वरून खाली निमुळते. तीन मिलिमीटर जाडीच्या एकाच प्लेटमध्ये एवढी ढिलाई असली की बारा मिलिमीटर वर आलेले पिनेचे टोक सहज ०.३ मिलिमीटर कलते. यावर उपाय सोपा निघाला. बोर्डाच्याच डिझाइन फाइलमधून, पॅडच्या जागी भोके ठेवून, एफआर-४ च्या (बोर्ड ज्या काचतंतूच्या पत्र्याचा असतो त्याच्या) दोन कोऱ्या प्लेटा मागवल्या आणि स्पेसर घालून पंधरा मिलिमीटर अंतरावर एकावर एक बसवल्या. नळी दोन ठिकाणी धरली गेल्यावर कलणे जवळपास थांबले. दुसरा फायदा उन्हाळ्यात कळला. गच्चीवरच्या खोलीत जानेवारीची सकाळ आणि एप्रिलची दुपार यांत पंचवीस अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्यात नव्वद मिलिमीटर अ‍ॅक्रिलिक साधारण ०.१६ मिलिमीटर वाढते, एफआर-४ मात्र ०.०३ च्या आसपास, आणि बोर्डही एफआर-४ चाच असल्याने दोघे बरोबरच वाढतात.

कडेचा प्रश्न शेजारच्या काकांनी सोडवला. त्यांचे आयुष्य सातपूरच्या टूलरूममध्ये जिग-फिक्स्चर बनवण्यात गेले. मी त्यांना सांगितले की आता कड सोडून स्क्रूच्या दोन भोकांत दोन घट्ट पिना घालणार आहे. त्यांनी बोर्ड हातात घेऊन फिरवून पाहिला आणि म्हणाले, "दोन्ही घट्ट कशाला करतोस? एकीनं जागा धरायची, दुसरीनं फक्त फिरू द्यायचं नाही. दोन्ही घट्ट केल्यास तर दहातले चार बोर्ड बसणारच नाहीत, आणि मग तू हातोडी घेशील."

त्यांचे म्हणणे असे की दोन भोकांमधले अंतर प्रत्येक बोर्डात थोडे कमी-जास्त असतेच. म्हणून दुसरी पिन दोन भोकांना जोडणाऱ्या रेषेच्या दिशेने दोन्ही बाजूंनी घासून बारीक करायची आणि तिच्या काटकोनात पूर्ण व्यासाची ठेवायची. कारखान्यात तिला डायमंड पिन म्हणतात. माझी भोके ३.२ मिलिमीटरची, प्लेटिंग नसलेली होती. काकांनी लेथवर ३.१२ च्या दोन पिना काढल्या, एक तेलाच्या दगडावर दोन बाजूंनी घासली आणि दोन्हींची टोके निमुळती केली. दोन्ही पिना कर्णावर, जास्तीत जास्त लांब बसवल्या, कारण अंतर जितके जास्त तितके बोर्डाचे वळणे कमी. त्यांची उंची पोगो पिनांपेक्षा चार मिलिमीटर जास्त ठेवली, म्हणजे बोर्ड आधी जागेवर येतो आणि मगच पोगो पिनांना टेकतो. हे मला सुचले नसते. माझ्या जुन्या रचनेत पोगो पिना आधी लागत आणि बोर्ड त्यांच्यावरून घासत सरकत असे.

वरच्या दाबाचे थोडक्यात सांगतो. एका पिनेला सुमारे शंभर ग्रॅम धरले तरी बावीस पिना सव्वादोन किलोंचा जोर वर लावतात. दाबाचे खुंट पिनांच्या जवळपास नसतील तर बोर्ड वाकतो आणि सिरॅमिक कपॅसिटरला डोळ्यांना न दिसणारी चीर जाते.

नव्या फिक्स्चरवर एकशे ऐंशी बोर्ड झाले. चार नापास झाले आणि चारही खरोखर बिघडलेले होते. पाचवा मात्र माझ्या भाच्याने जाळला. चार स्क्रूची भोके चौकोनात सारख्या अंतरावर असल्याने बोर्ड अर्धा फेरा उलटा फिरवला तरी तो दोन्ही पिनांवर तितक्याच छान बसत होता, आणि बारा व्होल्ट सरळ चिपच्या पॅडवर गेले. दोष त्याचा नव्हता. सध्या कनेक्टर जिथे बाहेर येतो त्याच्या समोरच्या बाजूला एक खुंटी ठोकून काम भागवले आहे आणि पुढच्या आवृत्तीच्या ड्रॉइंगमध्ये एक भोक चार मिलिमीटर आत सरकवले आहे.