मातीचं तापमान: पहिलं वर्ष पूर्ण, आणि वर्ग नेमका सीमारेषेवर

५० सें.मी. खोलीवरच्या सेन्सरचं अख्खं एक वर्ष परवा भरलं. दर महिन्याच्या १५ तारखेच्या नोंदी धरल्या तर वार्षिक सरासरी येते २६.१ अंश सेल्सिअस. अमेरिकी कृषी खात्याच्या ‘सॉइल टॅक्सॉनॉमी’ या माती-वर्गीकरण पद्धतीनुसार ही सरासरी २२ किंवा त्याहून जास्त असेल तर तापमानाचा वर्ग हायपरथर्मिक. त्याखाली १५ ते २२ थर्मिक, ८ ते १५ मेसिक, ८च्या आत फ्रिजिड. क्रायिक आणि जेलिक ही त्याहूनही गारठ्याची दुनिया.

नव्याने येणारे विचारतात, ५० सें.मी.च का? मे महिन्यातला एक दिवस सांगतो. ५ सें.मी.वर पहाटे २४ अंश होते, दुपारी अडीचला ४४. २० सें.मी.वरचा सेन्सर रात्री आठच्या सुमारास त्या दिवसाच्या शिखराला पोचला, म्हणजे वरची ऊब खाली उतरायला पाच-साडेपाच तास लागले. आणि ५० सें.मी.वर? दिवसभरात ०.३ अंशाचाही फरक नाही. दिवस-रात्रीची लाट तिथवर पोचेपर्यंत विरून जाते, ऋतूंची लाट मात्र पोचते. वर्षाची लाट दिवसाच्या लाटेपेक्षा सुमारे १९ पट खोल जाते, कारण ३६५चं वर्गमूळ साधारण तेवढंच आहे. हा आलेख पहिल्यांदा पडद्यावर उमटला तेव्हा मी कितीतरी वेळ नुसता बघत बसलो होतो. (खडक ५० सें.मी.च्या आत लागला तर तो जिथे लागतो तिथे मोजायचं.)

आता खरा पेच. उन्हाळा आणि हिवाळा यांच्या सरासरीत ६ अंशांहून कमी फरक असेल तर वर्गाच्या नावाआधी ‘आयसो’ लागतं. उत्तर गोलार्धात उन्हाळा म्हणजे जून, जुलै, ऑगस्ट आणि हिवाळा म्हणजे डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. माझे आकडे:

जून २८.९, जुलै २७.१, ऑगस्ट २६.५, सरासरी २७.५.
डिसेंबर २२.६, जानेवारी २१.४, फेब्रुवारी २२.९, सरासरी २२.३.

फरक ५.२. म्हणजे आयसोहायपरथर्मिक. पण १९७५च्या मूळ आवृत्तीत ही मर्यादा ५ अंशांची होती, १९९९च्या दुसऱ्या आवृत्तीत ती ६ आहे. तीच माती, तेच आकडे, आणि जुन्या नियमाने ‘आयसो’ गळून पडतं!

आणखी एक गोष्ट मला सतत खुपते. जूनमध्ये पाऊस सुरू होणाऱ्या ठिकाणी माती सगळ्यात जास्त तापते ती त्याआधी. माझी मेची नोंद ३०.६ आहे. एप्रिल-मे-जून धरले तर सरासरी २९.५ आणि फरक थेट ७.२. व्याख्या पाळायचीच, पण आपल्या मातीचं खरं शिखर तिच्या बाहेर पडतंय हे वहीत वेगळं लिहून ठेवावं असं माझं ठाम मत आहे.

सेन्सर सगळे डीएस१८बी२० या डिजिटल जातीचे. पुरण्याआधी बर्फाच्या पाण्यात बुडवून तपासले, एक शून्याऐवजी ०.४ दाखवत होता, तेवढं त्याच्या प्रत्येक नोंदीतून वजा केलंय. एकाच सेन्सरची अशी ठरावीक चूक ऋतूंच्या फरकात आपोआप उडते, वार्षिक सरासरीत मात्र तशीच राहते.

सुरुवातीचे दोन महिने वाया गेले ते खड्ड्यामुळे. सेन्सर उभ्या भोकातून सोडून वरून माती लोटली होती. जोराच्या पावसानंतर ५० सें.मी.वरचा आकडा तासाभरात दीड अंशाने घसरला, तेव्हा कळलं की पाणी त्या भुसभुशीत भरावातून सरळ खाली उतरतंय. मग शेजारी खड्डा खणला, त्याच्या न हललेल्या भिंतीत सेन्सर आडवा खुपसला आणि माती थराथराने चोपून भरली. तेव्हापासून असा झटका एकदाही नाही.

ज्यांना लॉगर (आपोआप नोंदी साठवणारं यंत्र) जमत नाही त्यांनी तीन-तीन महिन्यांनी चारच नोंदी घ्याव्यात. फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर या माझ्या चार आकड्यांची सरासरी २६.३ येते, बारा नोंदींच्या सरासरीहून जेमतेम ०.२ जास्त.

सध्याचा खड्डा उघड्या जमिनीत आहे. दुसरा काल खणला, दाट गवताखाली, पाच मीटरवर. आज सकाळी दोन्हींत १.१ अंशाचा फरक दिसला, पण खणलेली माती बसायला निदान दोन आठवडे देणार आणि मगच नोंदी धरणार.