टाचेमागच्या कंडरेचे १२ आठवडे

सकाळी अंथरुणातून उठल्यावरची पहिली पाच-सहा पावले लंगडत पडू लागली, तरी मी त्याकडे जवळजवळ महिनाभर दुर्लक्ष केले. कारण थोडे चालले की पाय मोकळा होत असे आणि धावायला लागल्यावर दहा मिनिटांत दुखणे जाणवेनासे होत असे. त्याआधीच्या तीन आठवड्यांत मी धावण्याचे साप्ताहिक अंतर २० किलोमीटरवरून ३५ किलोमीटरवर नेले होते, आठवड्यातून दोनदा चढावर धावू लागले होते आणि टाचेकडे कमी उंची असलेले नवे बूटही घेतले होते. या तिन्ही गोष्टींनी पोटरीवरचा व टाचेमागच्या कंडरेवरचा, म्हणजे पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणाऱ्या चिवट पट्ट्यावरचा, ताण वाढतो. मी त्या एकदमच केल्या होत्या.

पुढे मी दोन आठवडे धावणे पूर्ण थांबवले. दुखणे गेले, मी पुन्हा धावले आणि तिसऱ्या दिवशी ते होते तसे परत आले. तेव्हा कुठे मी डॉक्टरांकडे गेले. टाचेच्या हाडापासून दोन-तीन बोटे वर कंडरा चिमटीत धरली की ती दुसऱ्या पायापेक्षा जाड लागत होती आणि तिथेच कळ येत होती. डॉक्टरांनी मला पालथे झोपवून पोटरी दाबली. दाबताच पाऊल आपोआप खाली झुकले, म्हणजे कंडरा तुटलेली नव्हती. अलीकडे सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखे प्रतिजैविक घेतले होते का, असेही त्यांनी विचारले, कारण त्या गटातील औषधांमुळे कंडरेला इजा होण्याचा धोका वाढतो. मी स्टिरॉइडचे इंजेक्शन मागितले, ते त्यांनी दिले नाही. दुखणे तात्पुरते दबले तरी कंडरा तुटण्याची भीती असते, असे सांगून त्यांनी मला फिजिओथेरपीला पाठवले.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी पहिल्या भेटीचा बराचसा वेळ पायाची रचना समजावण्यात घालवला, आणि पुढचे सारे मला त्यामुळेच पाळता आले. पोटरीत मुख्यतः दोन स्नायू असतात. वरून दिसणारा फुगीर स्नायू गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडापासून निघतो. त्याखालचा चपटा स्नायू गुडघ्याच्या खालीच सुरू होतो. दोघे मिळून एकच कंडरा बनते आणि ती टाचेच्या हाडाला जोडली जाते. धावताना या कंडरेवर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट ताण येतो. हा ताण तिला सवयीने पेलता येतो; मात्र स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात, तर कंडरेला त्यासाठी महिने लागतात. नुसत्या विश्रांतीने तिची ताण पेलण्याची ताकद आणखी घटते. माझ्या त्या दोन आठवड्यांचा हिशेब मला इथे लागला.

मला मिळालेला व्यायाम स्वीडनचे शल्यविशारद हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या पद्धतीचा होता. पायरीच्या कडेवर पावलाच्या पुढच्या भागावर उभे राहून चांगल्या पायाने वर उठायचे आणि दुखऱ्या पायाची टाच सावकाश पायरीच्या पातळीखाली न्यायची. गुडघा सरळ ठेवून १५ वेळांचे तीन संच, गुडघा किंचित वाकवून आणखी तीन, आणि हे सकाळ-संध्याकाळ, म्हणजे दिवसाला १८० वेळा. गुडघा वाकवला की वरचा स्नायू सैल पडतो आणि खालच्यावर काम येते, म्हणून दोन्ही प्रकार. दुखणे टाचेच्या हाडाला लागूनच असेल, तर टाच पायरीखाली न्यायची नसते. तिथे कंडरा हाडावर दाबली जाते.

खरा कस वेदना मोजण्यात लागला. दहापैकी पाचपर्यंतचे दुखणे चालेल, पण दुसऱ्या सकाळी ते आदल्या दिवशीपेक्षा वाढलेले नसावे, असा बाईंचा नियम होता. व्यायाम करताना दुखले म्हणून थांबायचे नाही, हे मला कित्येक दिवस पटले नव्हते. मी वहीत रोज सकाळचा आकडा लिहू लागले. पाचव्या आठवड्यात सलग दोन दिवस तो शून्य आला आणि मी कोणालाही न विचारता पाच किलोमीटर धावून आले. धावताना काहीच झाले नाही; दुसऱ्या दिवशी मात्र जिना उतरताना कठडा धरावा लागला आणि वहीत सहा लिहावे लागले. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त चार दिवस संच निम्मे केले आणि मग पाठपिशवीत वजन घालून व्यायाम वाढवायला सांगितला, जे माझ्या अपेक्षेच्या अगदी उलट होते.

बाराव्या आठवड्यात एका पायावर टाच उचलण्याची चाचणी झाली. चांगल्या पायाने २६ वेळा जमले, दुखऱ्याने २३. त्यानंतर एक मिनीट धावणे व दोन मिनिटे चालणे अशा क्रमाने, एक दिवसाआड, सपाट रस्त्यावर सुरुवात झाली. चढ सर्वांत शेवटी आले. आता मी अंतर, चढ आणि बूट यांपैकी एका वेळी एकच गोष्ट बदलते आणि पायरीवरचे संच आठवड्यातून तीनदा करते. चिमटीत धरल्यावर कंडरा अजूनही थोडी जाडच लागते; दुखणे गेले तरी हा जाडपणा राहू शकतो, असे बाईंनी आधीच सांगून ठेवले होते.