व्हर्मीरची नक्कल करता करता तैलरंग शिकले

जलरंग शाळेपासून वापरत आले, पण तैलरंगांना हात लावला तो चाळिशी उलटल्यावर. नौपाड्यातल्या आमच्या सरांचा आग्रह असतो की आधी एखाद्या मोठ्या चित्रकाराचं चित्र हुबेहूब करा, मग स्वतःचं. मी डच चित्रकार व्हर्मीरचं 'गर्ल विथ अ पर्ल इअररिंग' घेतलं, म्हणजे कानात मोत्याचा डूल घातलेली मुलगी. सुमारे १६६५ सालचं हे चित्र हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे आणि आहे जेमतेम ४४.५ बाय ३९ सेंटिमीटरचं. म्हणजे पाचपाखाडीतल्या आमच्या घराच्या छोट्या गॅलरीतही मूळ मापात करता येणार. १६ बाय २० इंची तयार कॅनव्हास आणला आणि त्यावर मापाची चौकट आखून घेतली.

सुरुवात फक्त बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगावर आणि पांढऱ्यावर. टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या अंबरने कॅनव्हासचा पांढरेपणा घालवला आणि त्या दोनच रंगांत अख्खा चेहरा उभा केला. याला अंडरपेंटिंग म्हणतात. पुष्कळांना रंगांची घाई असते, पण माझ्या मते चित्र इथेच ठरतं.

नाकापाशी आले आणि पलीकडची कड सापडेना. छापील फोटो खिडकीपाशी नेऊन पाहिला. व्हर्मीरने ती कड काढलेलीच नाही! नाकाच्या दांड्यावरचा उजेड थेट पलीकडच्या गालात मिसळून गेलाय. सर म्हणाले, "ताई, रेष तुमच्या मनात आहे, चित्रात नाही. डोळे बारीक करून बघा." बघितलं, आणि नाक अगदी व्यवस्थित दिसलं. खालच्या सावलीवरून आणि नाकपुडीवरून उरलेलं आपलं मन भरून काढतं. त्या दिवसापासून मला माणसांचे चेहरे वेगळेच दिसतात. लोकलमध्ये समोर बसलेल्या बाईच्या गालाची कड कुठे विरते, तेच मी बघत बसते.

मग रंगांचे थर. नियम असा, की खालच्या थरात तेल कमी, वरच्यात जास्त. उलटं केलं तर वरचा थर आधी वाळतो आणि पुढे तडे जातात. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. अंबर लवकर वाळतो, टायटॅनियम व्हाइट मात्र वाट बघायला लावतो, त्यात ठाण्याचा पावसाळा. चित्राच्या कडेला बोट टेकवून बघायचं आणि चिकटलं तर ब्रश खाली ठेवायचा. तेलाची फडकी चुरगळून डब्यात कधीच टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मी पाण्यात भिजवूनच टाकते.

मुलीच्या डोक्यावरच्या फेट्याचा निळा अल्ट्रामरीन. व्हर्मीरने तो अफगाणिस्तानातल्या लाजवर्द या निळ्या दगडापासून केलेला वापरला होता. आपल्या ट्यूबमधला कारखान्यात बनतो, पण तोही तसाच खोल आहे. पार्श्वभूमी आज काळी दिसते. संग्रहालयाने २०१८ मध्ये केलेल्या तपासणीतून कळलं, की तिथे मुळात हिरवा पडदा होता आणि त्याचा रंग काळाच्या ओघात बदलला. मी काळ्यावर विरिडियन या हिरव्या रंगाचा तेलकट, पारदर्शक थर दिला. सरांना आजचा काळाच बरा वाटला असता, पण मला तिच्या मागे तो पडदा हवा होता.

मोती शेवटी. वर पांढऱ्याचा एक जाड ठिपका, खाली कॉलरच्या उजेडाचं मऊ प्रतिबिंब, बस. डूल कानाला अडकवायची कडीसुद्धा व्हर्मीरने दाखवलेली नाही. दोन फटकाऱ्यांत मोती होतो, कारण भोवतालची मानेची सावली आधीच नेमकी लागलेली असते.

कॅनव्हासच्या मागे 'व्हर्मीरच्या चित्रावरून अभ्यास' असं लिहून ठेवलंय; नक्कल केली की हे लिहायलाच हवं. आता राजा रवि वर्मांचं एक चित्र घेतलंय. साडीच्या चुण्या आणि जरतार अजून अंबरमध्येच आहेत.