शंभर दाण्यांचे वजन आणि एक मागणीपत्र

हरभऱ्याच्या वाणांमधील जनुकीय विविधता आणि गुणांचे परस्परसंबंध हा विषय मी एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी घेतला होता. आमच्या काळ्या रानात पेरणी, निंदण आणि घाटेअळीवरची फवारणी बिनबोभाट पार पडली. अडकलो तो वजनकाट्यापाशी.

प्रत्येक प्लॉटमधली निवडक झाडे उपटून फांद्या, घाटे आणि घाट्यातले दाणे मोजले की शंभर दाण्यांचे वजन उरते. त्यासाठीचा अचूक काटा कुलूपबंद खोलीत असे. खोली उघडायला दरवेळी नवे मागणीपत्र लागे, त्यावर मोजकेच नमुने लिहिता येत आणि सही करणारे साहेब दुपारनंतर सापडत नसत. नमुने थोडे थोडे आणण्यात काय बिघडते, असे तिथले बाबू मला शांतपणे विचारीत. तो शांतपणा आजही माझ्या डोक्यात जातो.

बिघडते ते असे. दाणा हवेतला ओलावा घेतो आणि सोडतो. त्यात मार्चमध्ये अवकाळी पाऊस येऊन गेला. प्रयोगात सगळे वाण पुन्हा पुन्हा लावतात; अशा प्रत्येक पूर्ण संचाला पुनरावृत्ती म्हणतात. एकाच पुनरावृत्तीतले निम्मे वाण पावसाआधी आणि निम्मे नंतर तोलले, तर ओलाव्याचा फरक वाणांच्या फरकात आणि प्रायोगिक त्रुटीत (वाणांशी संबंध नसलेल्या फरकात) मिसळतो. त्रुटी वाढली की बाह्यरूप विविधता (प्रत्यक्ष मोजलेला एकूण फरक) जनुकीय विविधतेपेक्षा फुगते, आनुवंशिकता (त्या फरकातला जनुकांमुळे आलेला वाटा) खाली येते आणि तिच्यावर बेतलेली जनुकीय प्रगतीही (निवडीतून अपेक्षित सुधारणा) घटते. वास्तविक शंभर दाण्यांचे वजन हा हरभऱ्यात बहुधा उच्च आनुवंशिकता दाखवणारा गुण आहे; त्याचाच आकडा कागदी अडवणुकीपायी खराब होणार होता. उलट एक पुनरावृत्ती एकाच दिवशी पूर्ण तोलली, तर त्या दिवसाचा परिणाम पुनरावृत्त्यांच्या फरकात जमा होतो आणि वाणांची तुलना शाबूत राहते. हेच कारण अर्जात सविस्तर लिहून मी मार्गदर्शक सरांच्या शिफारशीसह विभागप्रमुखांकडे दिले, तेव्हा कुठे नमुन्यांची मर्यादा उठली. त्या अर्जाचा मसुदा मला प्रबंधातल्या कोणत्याही प्रकरणापेक्षा चांगला वाटतो.

झाडांच्या चिठ्ठ्या मात्र पेन्सिलनेच लिहाव्यात. हरभऱ्याची आंब आणि दव लागले की शाई पसरते.

पुढचे गणित संगणकाने झटपट केले. झाडावरील घाट्यांच्या संख्येचा उत्पादनाशी सहसंबंध ठळक आणि धन निघाला. दाण्याचे वजन आणि घाट्यांची संख्या यांचा ऋण निघाला, म्हणजे टपोरा दाणा आणि भरपूर घाटे एकाच झाडात आणणे सोपे नाही. नुसत्या सहसंबंधावर निवड करू नये, पथ विश्लेषणाने गुणाचे उत्पादनावरचे प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष (दुसऱ्या गुणामार्फत होणारे) परिणाम वेगळे करून पाहावेत. आणि देशी-काबुली वाण एकत्र घेतले असतील, तर दोन्ही गटांचे सहसंबंध स्वतंत्रपणेही काढावेत, कारण काबुलीचा जड दाणा एकत्रित आकडा सहज आपल्याकडे ओढतो.

काट्याचा अर्ज पीक घाट्यावर असतानाच द्यावा, आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत स्वतःजवळ ठेवावी.