आमची वाटचाल : दोन बॅरल, एक भागीदार आणि भाईंचा चष्मा

गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत दोन बॅरल (बोल्ट भरून टाकीत फिरवायचे भोकांचे पिंप) आणि एक जुना रेक्टिफायर (टाकीला एकदिश वीज देणारं यंत्र) घेऊन आम्ही दोघांनी प्लेटिंग, म्हणजे विजेने लोखंडावर झिंकचा थर चढवायचं काम, सुरू केलं. दोघं म्हणजे मी आणि माझा तेव्हाचा भागीदार. नाव लिहीत नाही, फोंड्यात ज्यांना कळायचं त्यांना कळेल. पहिल्या वर्षांचं सांगण्यासारखं काही नाही. खाणींचा माल वाहणाऱ्या टिपरच्या बॉड्या बांधणारे पोत्याने नट-बोल्ट आणून टाकायचे, आम्ही सायनाइडच्या द्रावणात झिंक चढवून, वर पिवळं पॅसिव्हेशन (गंज रोखणारा पातळ लेप) मारून परत द्यायचो.

मग एका पावसाळ्यात नव्या पोराने गंज काढायचं, पिकलिंगचं ॲसिड सायनाइडच्या गटारात ओतलं. पुढे विषारी वायू निघतो, ते धंद्यातल्यांना सांगायला नको. कडू बदामाचा वास येतो म्हणतात; मला आला नाही, कित्येकांच्या नाकाला तो कळतच नाही. पोरगं भोवळ येऊन खाली बसलं तेव्हा समजलं. ओढून बाहेर काढलं, वाचलं. त्या रात्री मी म्हटलं, आता सायनाइड बंद. भागीदार म्हणाला, "पोराला काढ ना, सायनाइडला कशाला काढतोस?" त्या वाक्यावर आमची भागीदारी मोडली. बाकी हिशेब नंतरचे. तो दोन गाळे सोडून पलीकडे गेला, माझं निम्मं गिऱ्हाईक घेऊन.

सायनाइड सोडून जायचं कुठे, याला दोन वाटा. क्लोराइड झिंक, म्हणजे आम्ल द्रावणातलं झिंक, आरशासारखं चमकतं, वीज जवळजवळ पूर्ण कामी येते. पण ॲलन बोल्टच्या डोक्यातल्या षटकोनी खोबणीत झिंक पोचता पोचत नाही, कडांवर मात्र थर चढतो. बॅरलमधून निसटलेला बोल्ट टाकीच्या तळाशी विरघळत राहतो आणि द्रावणात लोखंड वाढतं. वर त्या वाफेने पत्रे आणि बसबार (वीज नेणाऱ्या पट्ट्या) खाल्ले जातात. आमच्या गोव्यात पत्र्याला आधीच कमी शत्रू आहेत का? दुसरी वाट अल्कलाइन झिंकेट, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातलं झिंक. लिटरला दहा ग्रॅमच्या आसपास झिंक, सव्वाशे ग्रॅम कॉस्टिक. काम हळू, झिंक विरघळवायला वेगळी टाकी, मे महिन्यात द्रावण गार ठेवणारा चिलर नसेल तर ब्राइटनर (चमक आणणारं रसायन) नुसता जळतो. पण थर सारखा बसतो. आणि बोल्टवाल्याला आट्याशिवाय दुसरा देव नाही. थर जितका, त्याच्या चौपट आट्याचा पिच व्यास (आट्याच्या मधल्या उंचीवर मोजलेला व्यास) वाढतो. एम-८ च्या, म्हणजे आठ मिलिमीटरच्या बोल्टच्या, ६जी मापाच्या आट्यात मोकळीक २८ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे सात मायक्रॉनला ती संपली. कडेला बारा चढले की नट चढत नाही. मी झिंकेट घेतलं.

आणि तोंडावर पडलो. २०१२ साली खाणी बंद झाल्या, टिपरचं काम एका महिन्यात शून्यावर आलं. उरलेलं मोठं गिऱ्हाईक वेर्ण्याचं. चवथीच्या तोंडावर त्यांचे चार क्विंटल बोल्ट परत आले. देताना चकचकीत होते. तीन दिवसांनी डोक्याखाली, आट्याच्या सुरुवातीला, मोहरीएवढे फोड. नखाने खरवडलं की पापुद्रा निघून यायचा. पलीकडचा सगळ्यांना सांगत सुटला, "सायनाइडशिवाय झिंक धरत नाही हो." दोन कामगार त्याच्याकडे गेले. बँकेचा हप्ता बायकोच्या पाटल्यांवर भरला.

फोंड्याचे एक पंपवाले आहेत, त्यांना सगळे भाई म्हणतात. तेवढ्यातही त्यांनी आपलं पोतं माझ्याकडेच पाठवलं. एकदा स्वतः आले, स्टुलावर बसले, चष्मा कपाळावर सरकवून बोल्ट डोळ्याजवळ धरला, खिशातल्या कानसीने घासला. मग प्लेटिंगला चाललेला एक बोल्ट उचलून पाण्यात बुडवला. पाणी त्याच्यावर पसरलं नाही, थेंब थेंब होऊन ओघळलं. "अरे बाबा, झिंक कसं धरेल? याला आंघोळच नीट घातली नाहीस तू."

खरं होतं. कोल्ड हेडिंगच्या, म्हणजे थंड तार ठोकून बोल्ट घडवताना वापरलेल्या, तारेवरचा फॉस्फेट-साबण बोल्टावर तसाच राहत होता. सायनाइड स्वतःच थोडीफार सफाई करतं. इतकी वर्षं ते आमची धुण्यातली चोरी झाकत होतं. झिंकेट काही झाकत नाही. मग सोक क्लीनरचं (बोल्ट भिजत ठेवायच्या सफाईच्या टाकीचं) तापमान वाढवलं, विजेने सफाई करणारं इलेक्ट्रोक्लीनिंग बसवलं, धुण्याच्या टाक्या दोनाच्या चार केल्या. आजही माझ्याकडे प्रत्येक बॅरलमधला एक बोल्ट आधी पाण्यात बुडतो. पाण्याचा पदर फाटला की अख्खा बॅरल परत क्लीनरला.

कोणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. १२.९ चे, म्हणजे फार जास्त ताकदीचे, बोल्ट झिंक करून तसेच देऊ नका. प्लेटिंगमध्ये हायड्रोजन आत बसतो, पोलाद ठिसूळ होतं आणि आवळलेला बोल्ट रात्रीतून डोकं टाकतो. चार तासांच्या आत भट्टीत, १९० ते २२० डिग्री, पॅसिव्हेशनच्या आधी. आणि ट्रॉलरवाल्यांनो, खाऱ्या पाण्यात बुडणाऱ्या बोल्टाला आमचं झिंक मागू नका, हॉट डिप (वितळलेल्या झिंकमध्ये बुडवून चढवलेला जाड थर) घ्या. गिऱ्हाईक घालवतोय हे मला कळतं.

नंतरची वर्षं बरी गेली. आता बॅरल सहा आहेत.

गेल्या चवथीआधी पलीकडच्याचा मुलगा आला. त्यांनीही आता सायनाइड सोडलंय. वर्तमानपत्रात गुंडाळून चार बोल्ट आणले होते, डोक्याखाली मोहरीएवढे फोड. मी त्याला चहा दिला आणि पाण्याची बादली दाखवली. क्लीनर कुठला वापरतो, ते मात्र सांगितलं नाही.